पापणी झुकते तेव्हा : शस्त्रक्रियेविना उपचार

इस्लामपूरच्या बाजारपेठेत सायंकाळी रोजमेळ जुळवताना एखाद्या ज्येष्ठाची पापणी डोळ्यावर उतरू लागते. घरचे म्हणतात, ‘वय झाले.’ पुष्कळदा ते खरेही असते. पापणी उचलणाऱ्या स्नायूचा कंडरा वयोमानाने सैल पडतो. परंतु दर वेळी कारण वय नसते आणि दर वेळी शस्त्रक्रियाही लागत नाही.

सकाळी पापणी ठीक आणि दिवस कलेल तशी खाली, असे होत असेल तर मायस्थेनिया ग्रेव्हिस या विकाराची तपासणी करून घ्यावी. यात शरीरातीलच प्रतिपिंडे मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत नीट पोहोचू देत नाहीत. १९३४ मध्ये ग्रीनिच येथील डॉ. मेरी वॉकर यांनी फायसोस्टिग्मिनचे इंजेक्शन यावर गुणकारी ठरते, हे दाखवून दिले. त्याच कुळातील पायरिडोस्टिग्मिनची गोळी आज दिली जाते. तिचा परिणाम काही तासच टिकत असल्याने ती दिवसातून अनेकदा घ्यावी लागते. म्हणून चौविहार पाळणाऱ्यांनी अथवा पर्युषणात उपवास करणाऱ्यांनी गोळीच्या वेळा परस्पर न बदलता आधी डॉक्टरांशी बोलावे. गिळणे वा श्वास घेणे जड जाऊ लागल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

वयोमानाने झुकलेल्या पापणीसाठी चष्म्याच्या चौकटीला आधाराची बारीक पट्टी बसवता येते. अमेरिकेत २०२० मध्ये ऑक्सिमेटाझोलिनच्या थेंबांना मान्यता मिळाली. ते पापणीतील म्यूलर स्नायू आकुंचित करून काही तास पापणी उचलतात. मूळ दोष जात नाही. त्याच नावाचे नाकाचे औषध मात्र डोळ्यात कदापि घालू नये. मधुमेहामुळे मज्जातंतूला इजा होऊन पडलेली पापणी बहुधा तीन महिन्यांच्या आसपास आपोआप सावरते.

पापणी अचानक पडली आणि सोबत तीव्र डोकेदुखी किंवा बाहुली मोठी झालेली दिसली, तर मेंदूतील रक्तवाहिनीला फुगवटा असू शकतो. तेथे तासाचाही विलंब नको. उसाच्या या पट्ट्यात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावली, तर वेदना वा खूण जाणवेलच असे नाही. सकाळी जड झालेल्या पापण्या हीच पहिली सूचना ठरू शकते. तेथे प्रतिसर्पविष हाच उपचार. मंत्रतंत्रात वेळ दवडू नये.

लहान मुलाची पापणी बाहुली झाकत असेल तर दृष्टी मंदावते. तेथे शस्त्रक्रिया टाळणे हिताचे नसते.

तपासणीस जाताना पाच-दहा वर्षांपूर्वीचे छायाचित्र आणि एकाच दिवशी सकाळी व सायंकाळी मोबाइलवर काढलेली दोन छायाचित्रे सोबत न्यावीत. निदानास त्यांची मोठी मदत होते.