हळू फिरणाऱ्या पंख्याचा रेटा

महाबळेश्वरात उगम पावलेली कृष्णा कराडला कोयनेला, ब्रह्मनाळला येरळेला आणि हरिपूरला वारणेला पोटात घेते. ऑगस्ट २०१९ मध्ये या साऱ्या नद्या एकदम फुगल्या. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोका पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गल्ल्यागल्ल्यांतून रबरी बोटी माणसं काढू लागल्या. त्या बोटींच्या पाठीला टांगलेलं इंजिन म्हणजे आउटबोर्ड मोटर, बचाव पथकांच्या बोलण्यातला ‘ओबीएम’.

या इंजिनाबद्दल आपण विचारतो ते एकच: किती एचपी? पण माणसांनी भरलेली बोट ओढीच्या पाण्यात वरच्या अंगाला न्यायची असेल, तर दुसरी एक गोष्ट तितकीच महत्त्वाची ठरते. ती दिसत नाही. इंजिनाच्या पायथ्याशी, पाण्याखाली, तेलाने भरलेल्या पेटीत ती असते.

इंजिनातून एक उभा दांडा खाली येतो. त्याच्या टोकाला छोटं दातेरी चाक, म्हणजे पिनियन. ते एकाच वेळी समोरासमोरच्या दोन मोठ्या चाकांना फिरवतं, आणि ती दोन्ही सतत एकमेकांच्या उलट दिशेने फिरत राहतात. मधला खटका ज्या चाकाला जाऊन भिडेल, त्या चाकाची दिशा पंख्याला, म्हणजे प्रोपेलरला, मिळते. पुढे जाणं आणि मागे येणं एवढ्या साध्या युक्तीवर चालतं, हे पहिल्यांदा समजतं तेव्हा त्या पेटीकडे बघतच राहावंसं वाटतं.

आता दाते मोजू. यामाहाच्या ६० अश्वशक्तीच्या साध्या इंजिनात पिनियनला १३ दाते, मोठ्या चाकाला २४. म्हणजे पंख्याच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे सुमारे १.८५ फेरे; हेच गिअरचं गुणोत्तर. त्याच ताकदीच्या ‘हाय थ्रस्ट’, म्हणजे जास्त रेट्याच्या, इंजिनात १२ आणि २८ दाते; गुणोत्तर २.३३. लहान इंजिनांत फरक आणखी ठळक आहे. ९.९ अश्वशक्तीच्या साध्या मॉडेलचं गुणोत्तर २.०८, तर जास्त रेट्याच्या मॉडेलचं २.९२. इंजिन मिनिटाला ५,५०० फेरे घेत असेल, तर पहिल्याचा पंखा सुमारे २,६४० फेरे घेतो, दुसऱ्याचा जेमतेम १,८८०. अश्वशक्ती दोघांची तीच. तरी जड बोट ढकलायला हळू फिरणारा पंखा सरस.

ऊसपट्ट्यातल्या वाचकाला वाटेल, यात नवल ते काय? उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन रानातून निघालेला ट्रॅक्टर लो गिअरमध्येच टाकावा लागतो. बरोबर आहे, पण अर्धंच. चाकाखालची जमीन जागची हलत नाही. पंख्याला टेकायला असतं ते पाणी, आणि पाणी मागे पळतं. इंजिनाची ताकद त्या पळणाऱ्या पाण्याबरोबर वाहून जाते. बोटीच्या गिअरची खरी गंमत या पळण्यात आहे.

हिशेब करून बघा. पंख्याने दर सेकंदाला १०० किलो पाणी १० मीटरच्या वेगाने मागे फेकलं, तर रेटा मिळतो १,००० न्यूटन, आणि त्या पाण्यात खर्च होते ५ किलोवॉट शक्ती. आता २०० किलो पाणी निम्म्या वेगाने ढकला. रेटा तोच, १,००० न्यूटन. खर्च मात्र अडीच किलोवॉट! कारण रेटा वेगाच्या पटीत वाढतो, ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत. वाचलेली शक्तीही त्याच २०० किलोंवर लावली, तर रेटा १,४०० न्यूटनच्या पुढे जातो. पेट्रोल तेवढंच. पाणी जास्त घ्यायचं आणि हळू ढकलायचं, बस. जास्त पाणी घ्यायला मोठ्या व्यासाचा पंखा हवा, आणि मोठा पंखा फिरवायला जास्त पीळ, म्हणजे टॉर्क, हवा. तो पीळ या दात्यांतून मिळतो. म्हणजे गिअर स्वतः रेटा देत नाही. तो मोठ्या पंख्याला वाट करून देतो.

म्हणूनच नुसते दाते बदलून भागत नाही. पिनियन आणि मोठं चाक जोडीनेच बसवावं लागतं, दोहोंमधली फट पातळ चकत्या घालून नेमकी जुळवावी लागते. मोठं चाक जुन्या पेटीत मावत नाही आणि मोठा पंखा वरच्या आडव्या पट्टीला अडतो. त्यामुळे बहुतेक वेळा अख्खा खालचा भागच बदलणं शहाणपणाचं. मग पूर्ण भार ठेवून, पूर्ण थ्रॉटल देऊन बघायचं: इंजिनाचे फेरे कंपनीने सांगितलेल्या मर्यादेत येतात का? कमी पडले तर इंजिन गुदमरतंय, वर गेले तर पंखा इंजिनाला पुरेसं काम देत नाही.

रिव्हर्समधली एक गोष्ट तर मला फार आवडते. बऱ्याच इंजिनांचा धूर पंख्याच्या मधूनच पाण्यात सुटतो. मागे येताना पंखा तेच बुडबुडे पात्यांवर ओढून घेतो आणि त्याची पकड सुटते. जास्त रेट्याच्या काही पंख्यांत धूर पात्यांपासून दूर सोडलेला असतो, त्यामुळे बोट मागेही जोर धरते.

कोयनेच्या शिवसागर जलाशयावर तापोळ्याला गाड्या पलीकडे नेणारा तराफा असतो. अशा जड, संथ वाहनाला हळू फिरणारा मोठा पंखा शोभतो. पुराच्या गल्लीत मात्र तोच पंखा खोल उतरतो आणि बुडालेल्या कुंपणाला, तारेला, उसाला लवकर अडकतो. हलक्या रिकाम्या बोटीला त्याने वेगही मिळत नाही. माझं मत विचाराल तर एकच गुणोत्तर सगळीकडे बरं, असं कुणी म्हणूच नये.

८ ऑगस्ट २०१९ रोजी ब्रह्मनाळला पुरातून लोकांना काढणारी बोट उलटली आणि गावाची माणसं गेली. त्यामुळे हा विषय आपल्याकडे हौसेचा नाही. कृष्णाकाठच्या ग्रामपंचायतींनी बोट घेताना एचपीबरोबर गिअरचं गुणोत्तर, पंख्याचा व्यास आणि पंख्याभोवतीची जाळी यांचीही चौकशी करावी. आणि एवढं नक्की ध्यानात ठेवावं: रेटा वाढला म्हणून बोटीत एकही माणूस जास्त घेता येत नाही.