पंचवीस पावलांवरचं हरीण

"आजोबा, बंदूक असताना बाण कशाला?"

धाकट्या, प्रश्न रास्त आहे. तुमच्या आत्याकडे विस्कॉन्सिनला राहायला गेलो होतो, तेव्हा मीही तिच्या शेजाऱ्याला हेच विचारलं होतं. हा गृहस्थ प्लंबर. वर्षभर लोकांचे नळ दुरुस्त करायचे आणि सप्टेंबरचा मध्य उलटला की धनुष्यबाण घेऊन हरणामागे रानात जायचं, हा त्याचा नेम. तो म्हणाला, बंदुकीवाल्याला हरीण शंभर-दीडशे मीटरवर दिसलं तरी पुरतं. बाणवाल्याला ते पंचवीस पावलांवर यावं लागतं, तेही आपण तिथे आहोत याचा सुगावा न लागता. तेवढं जवळ यायला हरणाचं नाक, डोळे आणि कान तिघांनाही चुकवावं लागतं. म्हणून आजची गोष्ट शिकारीची वाटली, तरी ती त्या तिघांचीच आहे.

आधी हरीण कोणतं ते सांगतो. हरीण म्हटलं की तुम्हाला रेहेकुरीचं काळवीट आठवतं. काळवीट हे कुरंग, गाई-शेळ्यांच्या गोतावळ्यातलं. त्याची शिंगं जन्मभर डोक्यावर असतात. अमेरिकेतलं पांढऱ्या शेपटीचं हरीण आपल्या चितळ-सांबरांच्या घराण्यातलं. नराची शिंगं दरवर्षी गळतात आणि दरवर्षी नवी येतात. भ्यालं की शेपटी ताठ वर करून पळतं, आणि झाडीतून पळणारा तो पांढरा झुपका दिसला की शिकाऱ्याने समजावं, आजचा दिवस गेला.

आता नाक. हरीण आपलं नाक सारखं चाटत असतं, ते उगीच नाही. ओल्या नाकावर वासाचे कण धरले जातात. वारा आपल्याकडून त्याच्याकडे वाहत असेल तर आपण कितीही स्तब्ध बसलो तरी उपयोग शून्य. दुकानात वास लपवण्याचे फवारे मिळतात, वास न येणारे साबण मिळतात, कोळशाचे अस्तर लावलेले महागडे कपडे मिळतात. शेजारी ते सगळं एकदा वापरून सोडून बसला होता. त्याच्या खिशात एक वाळलेलं बोंड असायचं. तिकडे मिल्कवीड नावाची झुडपं असतात, आपल्या रुईच्या नात्यातलीच. बोंड उकललं की आत तशीच रेशमी केसांची म्हातारी.

एकदा संध्याकाळी मी त्याच्याबरोबर नुसता बघायला गेलो. टेकडीच्या उतारावर उभं राहून त्याने एक म्हातारी सोडली. ती आमच्यापासून सरळ पूर्वेला निघाली, वाऱ्याबरोबर. पंधरा-वीस पावलं गेली आणि कोणी हाताला धरून वळवावं तशी उजवीकडे वळली, खाली ओढ्याच्या घळीत उतरली आणि दिसेनाशी झाली. वारा पूर्वेला आणि म्हातारी दक्षिणेला! त्याने मला खूण केली आणि आम्ही मुकाट्याने परत फिरलो, कारण हरणं त्याच घळीतून वर येणार होती.

असं का झालं? दिवसा ऊन लागलं की उतारावरची हवा तापते, हलकी होते आणि चढावर सरकते. सूर्य कलला की तीच हवा गार होते, जड होते आणि पाण्यासारखी उतारावरून खाली वाहते, ओढ्या-नाल्यांत साठते. वाऱ्याचा मोठा झोत वरून एका दिशेला जात असतो आणि जमिनीलगत हा दुसराच मंद ओघ चालू असतो. हरणाला हे शिकवावं लागत नाही. म्हणून जाणता शिकारी सकाळी एका झाडावर बसतो आणि संध्याकाळी दुसऱ्या. झाडावर बसायचं म्हणजे पंधरा-वीस फुटांवर मचाण बांधून, अंगाला पट्ट्यांचा सुरक्षा-साज अडकवून. शिकारीत माणसं जखमी होतात ती बाणाने कमी आणि मचाणावरून पडून जास्त.

नाकाची ही गोष्ट एका माणसाला फार चांगली ठाऊक होती. १९११ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाजवळ एक उपाशी, एकटा माणूस सापडला. 'याही' नावाच्या आदिवासी जमातीतला तो शेवटचा. गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्याची माणसं मारली होती आणि उरलेली डोंगरात लपून राहता राहता संपली होती. लोक त्याला इशी म्हणू लागले. सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात त्याला आसरा मिळाला. शेजारच्या वैद्यकीय शाळेत सॅक्सटन पोप नावाचे शल्यविशारद होते, त्यांची आणि इशीची गट्टी जमली. डॉक्टर शिष्य आणि इशी गुरू! हरणाच्या शिकारीला निघायच्या आदल्या दिवशी इशी मासे खायचा नाही, तंबाखू ओढायचा नाही. पहाटे उठून ओढ्यात आंघोळ करायचा, सुवासिक पाला अंगाला चोळायचा, चूळ भरायचा आणि न जेवता निघायचा. मग एक कोवळं पान दुमडून ओठांत धरून असा आवाज काढायचा की पाडस ओरडतंय असं वाटून हरणी आपणहून जवळ यायची. १९१६ मध्ये इशी क्षयाने गेला. पोप यांनी त्याच्याकडून शिकलेलं सगळं १९२३ मध्ये पुस्तकात लिहिलं, आणि आज अमेरिकेत जे हौशी लोक धनुष्याने शिकार करतात त्यांची परंपरा बरीचशी या पुस्तकापाशी जाऊन पोचते. ज्यांनी त्याची जमात संपवली, त्यांच्याच नातवंडांना त्याची विद्या मिळाली. मला हे वाचताना चैन पडलं नव्हतं.

डोळ्यांचा मामला निराळा. हरणाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे मान न वळवता पाठीमागचंही पुष्कळसं दिसतं. पण रंगांच्या बाबतीत ते आपल्यापेक्षा गरीब. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, त्याच्या डोळ्यांत दोनच. तांबडा आणि नारिंगी त्याला मळकट पिवळट-हिरवटच वाटतात. म्हणून तर बंदुकीच्या मोसमात शिकारी भडक नारिंगी जाकिटं घालतात. एका शिकाऱ्याला दुसरा लांबून दिसतो, हरणाला मात्र दोघंही झाडीतलेच वाटतात. उलट निळा रंग त्याला छान दिसतो. त्याहून गंमत म्हणजे, आपल्या डोळ्यांतलं भिंग अतिनील किरण अडवतं, हरणाचं तेवढं अडवत नाही. तुमची आजी पांढऱ्या कपड्यांना टिनोपाल घालते ना? ते अतिनील किरण शोषून निळा उजेड बाहेर टाकतं, म्हणून कपडे शुभ्र दिसतात. तसल्या पावडरीने धुतलेला शिकारीचा सदरा पहाटेच्या अंधुक प्रकाशात हरणाला चमकताना दिसतो.

पण रंगापेक्षा त्याचं लक्ष हालचालीकडे. आणि धनुष्य ओढायचं म्हणजे हालचाल आलीच. बंदूक आधीच रोखून धरता येते, धनुष्य हरीण समोर आल्यावरच ओढावं लागतं. त्याचं डोकं झाडाच्या बुंध्याआड गेलं की ओढायचं. मग ते पुढे दोन पावलं टाकेल की दोन मिनिटं तिथेच उभं राहील, ते त्याच्या मर्जीवर. तोवर दोरी ताणून धरायची.

साध्या लाकडी धनुष्यात जेवढं ओढाल तेवढा ताण वाढत जातो आणि पूर्ण ओढल्यावर सगळ्यात जास्त. साठ पौंडांचं धनुष्य असेल तर सत्तावीस किलो वजन तीन बोटांवर पेलून उभं राहायचं. हात थरथरतो, नेम जातो. यावर मिसुरी राज्यातल्या हॉलेस विल्बर ॲलन नावाच्या माणसाने तोड काढली. धनुष्याच्या दोन्ही टोकांना चाकं बसवली, पण आस मध्यबिंदूत न ठेवता बाजूला. १९६९ मध्ये त्याला पेटंट मिळालं. चाक फिरता फिरता आस आणि दोरी यांतलं अंतर, म्हणजे तरफेचा हात, बदलत जातो. मधल्या टप्प्यात ताण पूर्ण, शेवटी एकदम ढिला. आजच्या चाकांच्या धनुष्यात शेवटी सत्तर-ऐंशी टक्के ताण सुटतो. सत्तावीस किलोचे पाच ते आठ किलो उरतात आणि माणूस मिनिटभर निवांत नेम धरू शकतो.

तरी दुकानात नवखा माणूस काय करतो? सगळ्यात जोरदार धनुष्य उचलतो. शेजाऱ्याची परीक्षा सोपी होती. खुर्चीत बस, पाय जमिनीवरून उचल आणि धनुष्य आकाशाकडे न झटकता सावकाश ओढ. जमलं तर ते तुझं. थंडीने आखडलेल्या अंगाला त्याहून जास्त झेपत नाही. चाळीस-पंचेचाळीस पौंडही हरणाला पुरतात, पण बाणाची पाती वस्तऱ्यासारखी धारदार हवीत.

आता ये कानांकडे. थोरले, तुला दशरथाचा शब्दवेधी बाण आठवतो ना? आवाजावर बाण सोडला आणि श्रावण बाळ गेला. इथे उलटं घडतं: दोरीचा आवाज ऐकून हरीण बाण चुकवतं. वही घे, गणित करू.

हरीण तीस मीटरवर आहे. बाणाचा वेग धर सेकंदाला ऐंशी मीटर. त्याला पोचायला लागले पावणेचार दशांश सेकंद. आवाजाचा वेग सेकंदाला तीनशे चाळीस मीटर, म्हणजे दोरीचा टणत्कार एक दशांश सेकंदाच्या आतच पोचला. बाण अजून वाटेत! हरणाला दचकायला आणखी एक दशांश धर. तरी जवळजवळ दोन दशांश सेकंद हाताशी उरले. तेवढ्यात ते काय करतं? उडी मारायची तर आधी पाय दुमडावे लागतात, म्हणून ते खाली बसतं. त्याला बाण दिसलेला नसतो. पाय सोडून दिले की अंग दगडासारखं खाली पडतं, आणि तेवढ्या वेळात पडणारी वस्तू सहा-सात इंच खाली येते. बाण पाठीवरून निघून जातो.

आता हेच अठरा मीटरवर कर. उरतात जेमतेम सात शतांश सेकंद. तेवढ्यात हरीण इंचभरच खाली येतं. म्हणजे अंतर दुपटीहून कमी वाढलं आणि चूक इंचावरून सहा इंचांवर गेली. पंचवीस पावलांचं कोडं हे असं आहे. बाणाचा वेग वाढवून ते फारसं सुटत नाही, कारण आवाजाला गाठणारं धनुष्य नाही. म्हणून जुने शिकारी हलक्या, वेगवान बाणाऐवजी जड बाण घेतात. जड बाण धनुष्याचा जोर जास्त शोषतो, दोरीत आणि दांड्यात थरथरायला कमी उरतं आणि आवाज दबतो.

बाण लागला तरी घाई करायची नसते. बाणाचं काम रक्तस्रावाने होतं. फुप्फुसातून गेला तर हरीण काही सेकंदांत, शंभरेक मीटरच्या आत पडतं, आणि पानांवरचं रक्त गुलाबी, फेसाळ असतं. गडद, काळपट असेल तर यकृत. मग तासन् तास थांबायचं, नाहीतर उठून मैलभर जाईल आणि सापडणार नाही. या शिकारीवरचा खरा आक्षेप हाच आहे, जखमी होऊन हाती न लागलेलं हरीण. शेजारी हे नाकारत नव्हता. हरीण आडवं उभं नसेल, तिरपं आपल्याकडे तोंड करून असेल, तर तो बाण भात्यातच ठेवायचा.

"पण मारायचंच कशाला, आजोबा?"

मला स्वतःला ते जमणार नाही, हे आधीच सांगतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, आणि ते योग्यच आहे. अमेरिकेतलं चित्र वेगळं. १९०० च्या सुमारास मांस-कातड्याच्या धंद्यापायी तिथे ही हरणं पाचेक लाखही उरली नव्हती. कायदे आले, धंदेवाईक शिकार थांबली आणि आज ती तीन कोटींच्या आसपास आहेत. लांडगे माणसाने बहुतेक ठिकाणांहून हाकलले, मक्याची शेतं मात्र वाढवली. आता ही हरणं जंगलातली कोवळी रोपं फस्त करतात, आणि रस्त्यावर वर्षाला दहा लाखांहून जास्त वेळा गाड्यांसमोर येतात. तिथे बंदुका-काडतुसांवर दहा-अकरा टक्के कर आहे. १९३७ पासून तो पैसा वन्यजीवांच्या कामालाच जातो, आणि १९७२ च्या कायद्याने धनुष्यबाणांनाही तो कर लागू झाला. बाणांसाठी वेगळा मोसम सगळ्यांत आधी विस्कॉन्सिननेच ठेवला, १९३४ मध्ये.

राहिली जागा. हरीण कायद्याने सगळ्या जनतेचं, पण त्याच्या पायाखालची जमीन कुणाच्या तरी मालकीची. विस्कॉन्सिनच्या उत्तरेला सरकारी जंगलं भरपूर आहेत, तिथे परवाना असला की झालं. काही खासगी जंगलमालक लोकांना शिकारीला वाट देतात आणि त्याबद्दल त्यांना करात सूट मिळते. दक्षिणेकडे मात्र शेतंच शेतं. तिथे शेतकऱ्याचं दार ठोठावावं लागतं, आणि तेही उन्हाळ्यात. मोसमाच्या आदल्या दिवशी शिकारीचे कपडे घालून दारात उभं राहणाऱ्याला तो कशाला हो म्हणेल? आमच्या प्लंबरने एकाच्या गोठ्यातली तुंबलेली पाण्याची लाइन फुकट दुरुस्त करून दिली होती, कुंपणाच्या तारा ओढायलाही गेला होता. मिसुरी-टेक्साससारख्या राज्यांत झाडावर जांभळ्या रंगाचा पट्टा दिसला की समजायचं, आत पाऊल टाकायला बंदी.

त्याच शेतकऱ्याकडे तो मार्चमध्ये पुन्हा जातो, शिंगं शोधायला परवानगी मागायला. हिवाळ्यात नरांनी टाकलेली शिंगं बर्फ वितळल्यावर दिसू लागतात. कुठला नर मोसमातून वाचला आणि कुठल्या वाटेने जातो, ते त्यावरून कळतं. मात्र उशीर करून चालत नाही. शिंग म्हणजे हाड, त्यात कॅल्शियम, आणि रानातले उंदीर आणि खारी ते कुरतडून संपवतात.