कर्जतच्या चिखलातला पिवळा रंग

मार्चमध्ये कर्जतच्या डोंगरांवरचं गवत वाळून जातं आणि खाली राजनाला कालव्याच्या भिजणीतली भातखाचरं मात्र हिरवीगार असतात. पक्षीमित्रांचे गट पहाटेची लोकल पकडून येतात ते या ओल्या बांधांसाठी.

या पाण्याची वाट मुळात बंगालच्या उपसागराची! घाटमाथ्यापलीकडे मावळात आंद्रा नदीवर ठोकरवाडी धरण आहे. आंद्रा इंद्रायणीला मिळते, तिथून पाणी भीमेत आणि पुढे कृष्णेत जातं. १९२२च्या सुमारास टाटांनी ते सह्याद्रीतून पश्चिमेला वळवलं. सुमारे ५०० मीटर खाली कोसळून ते भिवपुरीत वीज तयार करतं, मग राजनाल्यातून शेतांत शिरतं. म्हणून कोकणात, ऐन उन्हाळ्यात, भात!

चिखल आला की किडे आले, आणि किड्यांमागे शेकाट्या, तुतारी, गायबगळे. पण दुर्बीण लावावी ती शेपटी हलवत फिरणाऱ्या पिवळ्या धोब्यावर. तो आपल्याकडचा हिवाळी पाहुणा. मार्चमधल्या नराचं पोट नीट पाहा: एक पट्टा मळकट पांढरा, शेजारचा हळदीसारखा लख्ख. जुनी पिसं गळून नवी येत असतात. हा पिवळा रंग पक्ष्याच्या शरीराला स्वतः बनवता येत नाही. तो वनस्पतींत तयार होतो, त्या खाणाऱ्या किड्यांत उतरतो आणि तिथून पिसांत. म्हणजे दूर उत्तरेत मादीसमोर मिरवायचा रंग तो इथल्या खाचरांत टिपून घेतो. मला तरी याहून मोठं नवल माहीत नाही.

निघायची वेळ त्याला कशी कळते? दिवस मोठा होऊ लागतो त्यावरून. पक्ष्याच्या मेंदूत खोलवर प्रकाश ओळखणाऱ्या पेशी असतात आणि पातळ कवटीतून उजेड थेट तिथवर पोचतो. डोळ्यांची गरजच नाही. मग भूक वाढते, अंगावर चरबी चढते. एप्रिल संपेपर्यंत बहुतेक धोबी गेलेले असतात.

त्याच बांधावर एरवी मातकट दिसणारी ढोकरीही उन्हाळ्यात पाठीवर गर्द तपकिरी-लाल पिसारा चढवते. तिला मात्र कुठे जायचं नाही. तिची वीण इथेच, पावसाच्या तोंडावर, गावातल्या एखाद्या मोठ्या झाडावर. धोबी गेले तरी मे महिन्यात पुन्हा या, तेव्हा तिचा पिसारा पूर्ण रंगात असतो.