ब्रिटनचा कुशल कामगार व्हिसा : आपण पात्र आहोत का, हे कसे ओळखावे?

ब्रिटनमध्ये एखादा नातेवाईक असणे ही गोव्यातील अनेक घरांत नवलाची गोष्ट राहिलेली नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज कायद्याने नागरिकत्वाचा मार्ग खुला ठेवला. पोर्तुगाल युरोपीय संघाचा सदस्य असल्याने त्या पासपोर्टावर ब्रिटनमध्ये राहता येत असे आणि कोणतेही काम करता येत असे. स्विंडन शहरात गोमंतकीयांची मोठी वस्ती उभी राहिली ती याच वाटेने. ब्रिटनने युरोपीय संघ सोडल्यानंतर ३१ डिसेंबर २०२० रोजी ही वाट बंद झाली. त्यानंतर नोकरीसाठी प्रथमच तिकडे जाऊ पाहणाऱ्याला, मग हातात भारतीय पासपोर्ट असो वा पोर्तुगीज, मुख्य दार एकच उरले आहे : कुशल कामगार व्हिसा.

हे दारही गेल्या काही वर्षांत झपाट्याने अरुंद होत गेले. या व्हिसासाठी आवश्यक असलेले किमान वार्षिक वेतन एप्रिल २०२४ मध्ये २६,२०० पाउंडांवरून ३८,७०० पाउंडांवर नेण्यात आले; २२ जुलै २०२५ पासून ते ४१,७०० पाउंड झाले. त्याच दिवशी कामाच्या दर्जाची अटही कडक झाली. तरीही जुन्या नियमांच्या भरवशावर ‘हमखास व्हिसा’ देऊ करणाऱ्या जाहिराती मोबाइलवर फिरतच असतात आणि दागिने गहाण टाकून किंवा जमीन विकून पैसे भरणारी माणसेही भेटतात. म्हणून पात्रतेचा प्रश्न पैसे भरण्यापूर्वी विचारला गेला पाहिजे. त्याचे बरेचसे उत्तर घरबसल्या, एक पैसाही खर्च न करता मिळू शकते.

‘गुण’ हा शब्द फसवा आहे

या व्हिसासाठी ७० गुण लागतात, हे बहुतेकांनी ऐकलेले असते. त्यामुळे शिक्षण, वय, अनुभव यांचे गुण जोडत बसण्याची सवय लागते. कॅनडाच्या काही योजनांत तसे चालते, ब्रिटनमध्ये नाही. येथे परवानाधारक प्रायोजकाकडून नोकरी मिळाल्याचे २० गुण, योग्य दर्जाच्या कामाचे २०, इंग्रजीचे १० आणि वेतनाचे २० अशी विभागणी आहे. पहिले तीन घटक सक्तीचे आहेत आणि वेतनाचे २० मिळाल्याखेरीज सत्तरचा आकडा गाठता येत नाही. उत्तम इंग्रजीमुळे कमी पगाराची भरपाई होत नाही, की वीस वर्षांच्या अनुभवामुळे प्रायोजकाची उणीव भरून निघत नाही. ही परीक्षेची गुणपत्रिका नव्हे, साखळी आहे. एक कडी तुटली की अर्ज फेटाळला जातो.

त्यातही लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, चारपैकी तीन कड्या उमेदवाराविषयी नसून त्याला मिळालेल्या नोकरीविषयी आहेत. म्हणून ‘मी पात्र आहे का?’ या प्रश्नाआधी ‘ही नोकरी पात्र आहे का?’ असे विचारावे.

पहिली कडी : नोकरी देणारा कोण?

परदेशी कामगार आणण्यासाठी ब्रिटिश गृह खात्याचा परवाना लागतो. असा परवाना असलेल्या संस्थांची यादी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येते. कंपनीचे नेमके नाव, शहर आणि परवाना कोणत्या प्रकारच्या व्हिसासाठी आहे, हे तीनही तपशील जुळवून पाहावेत. यादीत नाव नसेल, तर पुढे काही तपासण्याची गरजच नाही.

नाव असले तरी तेवढ्याने नोकरी सिद्ध होत नाही. खऱ्या कंपनीचे नाव वापरून बनावट पत्रे दिली जातात. अशा वेळी कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून पत्ता घेऊन थेट विचारणा करावी; दलालाने दिलेल्या क्रमांकावर नव्हे. प्रायोजकत्वाचे ‘प्रमाणपत्र’ म्हणून ज्याचा उल्लेख होतो तो मुळात कागद नसून गृह खात्याच्या प्रणालीतील एक इलेक्ट्रॉनिक नोंद असते. तिचा क्रमांक नोकरी देणारा उमेदवाराला कळवतो आणि त्या क्रमांकावर तीन महिन्यांच्या आत व्हिसाचा अर्ज करावा लागतो. शिक्का मारलेला रंगीत कागद हा त्याचा पुरावा नव्हे.

दुसरी कडी : काम कोणते?

ब्रिटनमधील प्रत्येक व्यवसायाला चार आकडी संकेतांक आहे आणि व्हिसासाठी कोणते संकेतांक पात्र आहेत, त्यांची अधिकृत यादीही सरकारी संकेतस्थळावर आहे. २२ जुलै २०२५ पासून नव्या अर्जदारांसाठी सर्वसाधारणपणे पदवीच्या तोडीचीच कामे पात्र मानली जातात. येथे एक सूक्ष्म भेद आहे. ही अट कामाच्या दर्जाची आहे, माणसाच्या पदवीची नव्हे. एखाद्याकडे पदव्युत्तर शिक्षण असले, पण नोकरी रेस्टॉरंटातील वाढप्याची असली, तर व्हिसा मिळणार नाही.

गोव्याच्या दृष्टीने हा बदल मोठा आहे. आपल्याकडे हॉटेल व्यवसायात तयार झालेले मनुष्यबळ विपुल आहे, आणि शेफ, रेस्टॉरंटचे व हॉटेलचे व्यवस्थापक ही पदेच नव्या अर्जदारांच्या यादीतून वगळली गेली. वृद्ध व रुग्णांची देखभाल करणाऱ्या केअर वर्कर पदासाठी परदेशातून होणारी नवी भरतीही त्याच दिवशी बंद झाली. त्यामुळे आज कोणी गोव्यातून थेट केअर होममधील अशा नोकरीचा व्हिसा देऊ करत असेल, तर तो जे विकतो आहे ते बाजारात उरलेलेच नाही.

पदवीखालील काही कामांना तात्पुरत्या टंचाई-यादीद्वारे सवलत आहे. वेल्डर व पाइप फिटर यांची कामे तिच्यात येतात. मात्र जुलै २०२५ च्या नियमांनी या सवलतीला ३१ डिसेंबर २०२६ पर्यंतचीच मुदत दिली आणि त्या आधारे नव्याने जाणाऱ्याला पती, पत्नी वा मुले सोबत नेता येत नाहीत.

तिसरी कडी : पगार किती?

४१,७०० पाउंड ही सर्वसाधारण किमान मर्यादा आहे. पण प्रत्येक संकेतांकाला स्वतंत्र प्रचलित वेतनदरही ठरवून दिलेला आहे. दोहोंपैकी जो आकडा मोठा, तो गाठावा लागतो. संगणक प्रोग्रामर व सॉफ्टवेअर विकासकांचा हा दर ५० हजार पाउंडांहून अधिक आहे. म्हणून ४३ हजारांचा देकार आला तरी अनुभवी अभियंत्यासाठी तो अपुरा ठरतो.

हिशेबात केवळ हमी दिलेले मूळ वेतन धरले जाते. जादा तासांचा मोबदला, टीप, राहण्याजेवणाची सोय वा तत्सम भत्ते त्यात मिळवता येत नाहीत. नियुक्तिपत्रात ‘एकूण लाभ’ म्हणून मोठा आकडा लिहिला असेल, तर त्यातले मूळ वेतन वेगळे काढून पाहावे.

काही सवलती आहेत. २६ वर्षांखालील अर्जदार किंवा ब्रिटनमध्ये नुकतेच शिक्षण पूर्ण केलेले विद्यार्थी ‘नवागत’ ठरू शकतात. त्यांच्यासाठी मर्यादा ३३,४०० पाउंड किंवा त्या व्यवसायाच्या प्रचलित दराच्या ७० टक्के, यांपैकी जी अधिक ती असते. ही सवलत कमाल चार वर्षे टिकते. पुढील मुदतवाढीच्या वेळी पूर्ण वेतन दाखवावे लागते. राष्ट्रीय वेतनश्रेणीवर काम करणाऱ्या डॉक्टर, परिचारिका व शिक्षकांसाठीही नियम निराळे आहेत. त्यांना ४१,७०० चा निकष लागत नाही.

चौथी कडी : इंग्रजी

८ जानेवारी २०२६ पासून प्रथम अर्ज करणाऱ्यांना इंग्रजीची बी-२ पातळी सिद्ध करावी लागते. पूर्वी बी-१ पुरेशी होती. आयईएल्टीएस द्यायची असल्यास ब्रिटिश व्हिसासाठीची मान्यताप्राप्त आवृत्तीच निवडावी आणि वाचन, लेखन, श्रवण, संभाषण या चारही भागांत किमान ५.५ गुण मिळवावेत. इंग्रजी माध्यमातून पदवी घेतलेल्यांना परीक्षा टाळता येते, मात्र ती पदवी ब्रिटिश पदवीशी समकक्ष आहे व तिचे माध्यम इंग्रजी होते, असे एक्टिस या संस्थेकडून प्रमाणित करून घ्यावे लागते. गोव्यातील बहुसंख्य पदवीधरांना हा पर्याय उपयोगी आहे.

याखेरीज भारतातून जाणाऱ्यांना क्षयरोग नसल्याचे मान्यताप्राप्त केंद्राचे प्रमाणपत्र लागते. आरोग्य, शिक्षण वा समाजसेवा क्षेत्रातील नोकरी असल्यास पोलीस दाखलाही लागतो. प्रायोजकाने सुरुवातीच्या खर्चाची हमी दिली नसेल, तर १,२७० पाउंड सलग २८ दिवस खात्यात असल्याचे दाखवावे लागते.

तीन उदाहरणे

समजा, कळंगुटच्या हॉटेलात बारा वर्षे काम केलेल्या शेफला लंडनमधील परवानाधारक रेस्टॉरंटने ४२ हजार पाउंडांची नोकरी देऊ केली. प्रायोजक आहे, पगार आहे, इंग्रजीही आहे. पण दुसरी कडी तुटली. उत्तर नकारार्थी आहे.

वेर्णे येथील औषध कारखान्यातील २५ वर्षांच्या रसायनशास्त्रज्ञाला परवानाधारक कंपनीने ३५ हजार देऊ केले. काम पदवीच्या तोडीचे, वय २६ खाली. ती रक्कम प्रचलित दराच्या ७० टक्क्यांहून कमी नसेल, तर उत्तर होकारार्थी असू शकते. वाढदिवस मात्र जवळ असता कामा नये, कारण वय अर्जाच्या तारखेचे धरतात.

बांबोळीच्या इस्पितळातील अनुभवी परिचारिकेची पहिली पायरी व्हिसाची नाहीच. तेथील परिचारिका परिषदेची भारतात देता येणारी संगणकीय परीक्षा आणि त्या परिषदेने मान्य केलेली इंग्रजीची चाचणी या दोन्हींत ती उत्तीर्ण झाली, तर व्हिसासाठी इंग्रजी वेगळे सिद्ध करावे लागत नाही आणि नोकरीही सरकारी आरोग्यसेवेकडून थेट मिळू शकते.

कोणाचे पैसे कोणी भरायचे?

व्हिसा शुल्क आणि दरवर्षीचा १,०३५ पाउंडांचा आरोग्य अधिभार अर्जदाराचा असतो. अठरा वर्षांखालील मुलांसाठी हा अधिभार ७७६ पाउंड आहे. आरोग्यसेवेचा व्हिसा असणाऱ्यांना तो माफ आहे. परंतु प्रायोजकत्वाच्या नोंदीचे शुल्क आणि कौशल्य आकार हे मालकानेच सोसायचे असतात. ते कामगाराकडून वसूल करण्यास मनाई आहे. ‘स्पॉन्सरशिपचे पंधरा लाख’ ही मागणीच नियमबाह्य आहे.

भारतात परदेशी नोकरभरती करणाऱ्या एजंटाने १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यान्वये नोंदणी केलेली असावी लागते. ती केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पडताळता येते आणि अशा एजंटाला उमेदवाराकडून ३० हजार रुपये व त्यावरील जीएसटी यांपेक्षा अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. एजंटाने अर्जात खोटा अनुभव वा बनावट कागद जोडला, तर त्याची शिक्षा अर्जदार भोगतो : फसवणुकीच्या कारणावरून पुढील दहा वर्षे ब्रिटनचे अर्ज नाकारले जाऊ शकतात.

कुटुंबाचे दीर्घकालीन बेत आखताना आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. पाच वर्षांनंतर कायम वास्तव्य मिळते, हे आता गृहीत धरता येत नाही. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत ब्रिटिश सरकारने ती मुदत सर्वसाधारणपणे दहा वर्षांची करण्याचा मनोदय व्यक्त केला आहे.

थोडक्यात, नोकरीचा देकार हाती आला की प्रथम कंपनीचे नाव, मग चार आकडी संकेतांक, नंतर मूळ वेतन आणि शेवटी इंग्रजी, याच क्रमाने तपासावे. देणाऱ्याला संकेतांक सांगता येत नसेल किंवा सांगायचा नसेल, तर तेथेच थांबावे. एका संध्याकाळचे हे काम आहे, आणि त्यातून ‘नाही’ असे उत्तर निघाले तरी घरची पुंजी शाबूत राहते. नियम वर्षातून एकापेक्षा अधिक वेळाही बदलतात. म्हणून अर्ज करण्याच्या दिवशीचे आकडे अधिकृत संकेतस्थळावर पुन्हा एकदा ताडून पाहावेत.