टॉवर क्रेन उतरवितात कशी?



उंच इमारतीशेजारी उभी असलेली टॉवर क्रेन तुम्ही पाहिली असेलच. इमारत पूर्ण झाली की ती उतरविली जाते. हे काम ती उभारण्याइतकेच जोखमीचे असते, हे या अंकात आम्ही समजावून सांगत आहोत.

टॉवर क्रेन म्हणजे मोठा तराजूच. लांब हाताने ओझे उचलायचे आणि मागच्या बाजूच्या वजनांनी तोल सांभाळायचा. तिचा खांब एकसंध नसतो. पोलादी तुकडे एकावर एक ठेवून जाड पिनांनी जोडलेले असतात.

ती उतरविण्यासाठी बहुधा चाकांवरची मोबाईल क्रेन आणतात. काम करताना ती आपले आडवे पाय पसरून जमिनीवर टेकविते. ओझे जितके दूर, तितकी तिची उलटण्याची भीती जास्त. अंतर दुप्पट झाले की तेच ओझे दुप्पट जोराने तिला ओढते. म्हणून किती अंतरावर किती वजन उचलायचे, याचा तक्ता पाहूनच काम करावे लागते.

क्रमही ठरलेला असतो. आधी वरचा तुकडा मोबाईल क्रेनच्या हुकाला नीट बांधायचा, मग फक्त त्याच जोडाच्या पिना काढायच्या. तो खाली आला की पुढचा.

हा क्रम मोडल्याने काय होते, हे अमेरिकेतील सिएटल शहराने पाहिले. 27 एप्रिल 2019 रोजी, शनिवारी दुपारी, तेथे एक टॉवर क्रेन उतरविण्याचे काम चालू होते. मदतीला मोबाईल क्रेन होती. परंतु खांबाच्या जवळजवळ सर्व जोडांच्या पिना कामगारांनी आधीच काढून ठेवल्या होत्या. वाऱ्याचा जोरदार झोत आला आणि खांब खालच्या मर्सर स्ट्रीटवर कोसळला. रस्त्यावर वाहतूक चालू होती. क्रेनवरील दोन कामगार आणि गाड्यांतील दोघे, असे चौघे मरण पावले. गाडीतील एक तर कॉलेजात शिकणारी मुलगी होती. निर्मात्याने सांगितलेली पद्धत पाळली गेली नाही, असे सरकारी चौकशीत आढळले आणि तीन कंपन्यांना दंड झाला. पुढे 2024 मध्ये त्या राज्याने टॉवर क्रेन उभारण्या-उतरविण्यासाठी परवाना आवश्यक करणारा कायदा केला.

गणेशोत्सवाचा मांडव सोडताना सगळ्या दोऱ्या आपण एकदम कापत नाही. बांबू धरल्यावरच त्याची गाठ सोडतो. नियम तोच आहे. फरक इतकाच, की येथे चूक झाली तर जीव जातो, आणि तोही ज्याचा त्या कामाशी काहीही संबंध नाही अशा वाटसरूचा.

म्हणून मुलांनो, क्रेनचे काम पाहावयास जवळ थांबू नका. हवेत लटकलेल्या ओझ्याखालून कधीही जाऊ नका. पालकांनी मुलांसाठी दुसरा रस्ता निवडावा. विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे, की शाळेत किंवा शाळेलगत असे काम निघाल्यास ते सुट्टीच्या दिवशी व रस्ता बंद करूनच व्हावे, असा आग्रह धरावा. घाई एका तासाची असते, नुकसान जन्माचे असते.