दुखणे आणि दुखापत

आपल्या मराठीत आजारालाही दुखणे म्हणतात आणि वेदनेलाही दुखणेच म्हणतात. आजारी माणूस तो दुखणाईत, आणि शरीराला इजा झाली की ती दुखापत. त्यामुळे जेथे दुखते तेथे काहीतरी मोडले किंवा फाटले असलेच पाहिजे, अशी आपली लहानपणापासून समजूत होऊन बसते. माझीही तीच होती, आणि खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर ती मला फार महाग पडली. म्हणून सातवीत शाळा सुटलेला मी कामगार संघटनेचा कार्यकर्ता आज वैद्यकातल्या विषयावर बोलण्याचे धाडस करीत आहे.

तरुणपणी मी पोती वाहिली. पुढे युनियनचे काम पत्करले, पण खांदा तोच राहिला. दंडाच्या हाडाचा गोल माथा एका उथळ बशीला टेकलेला असतो, आणि चार स्नायूंच्या कंडरा त्याला जागेवर धरून ठेवतात. त्यांतली माझी एक फाटली होती. डॉक्टरांनी ती हाडाला पुन्हा शिवली, सहा आठवडे हात झोळीत ठेवला आणि मग व्यायामाचा छापील कागद हाती दिला. कागदावर चित्रे होती, बाण होते. दुखेल, हे मात्र कोठेच लिहिले नव्हते. हात उचलू गेलो की अशी चमक निघे, की टाका तुटला असेच वाटे. मी हात छातीशी धरून बसलो. महिन्याभरात सांधा इतका आखडला, की सदरा घालायलाही बायकोची मदत लागू लागली.

पुढे एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला समोर बसवून वेदना म्हणजे काय ते समजावले. सतराव्या शतकातल्या देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाची कल्पना अशी होती, की खाली दोरी ओढावी आणि वर घंटा वाजावी, तशी वेदना जखमेपासून मेंदूपर्यंत पोहोचते. १९६५ साली मेलझॅक आणि वॉल या दोघांनी दाखवून दिले, की वाटेत मज्जारज्जूत जणू एक फाटक आहे. ते कधी उघडते, कधी मिटते, आणि त्यावर मेंदूचाही हात चालतो. मज्जातंतू धोक्याची वर्दी नेतात. तिची वेदना करायची की नाही आणि केवढी, हे मेंदू ठरवतो. भीती, जागरण, मागचा अनुभव, सारे त्या हिशेबात येते. त्यातून शस्त्रक्रियेनंतर त्या भागाचे मज्जातंतू हळवे झालेले असतात. चोरी होऊन गेल्यावर वस्तीतला गुरखा पाहुण्यालाही हटकतो, तसा हा प्रकार.

१९९५ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एका बांधकाम कामगाराची हकीकत आली होती. त्याने उडी मारली ती पंधरा सेंटिमीटरच्या खिळ्यावर. खिळा बुटातून आरपार. वेदना इतकी, की गुंगीचे औषध द्यावे लागले. बूट काढला तेव्हा खिळा बोटांच्या मधून गेलेला, पायाला ओरखडाही नाही! उलट बाजूही पाहा. त्याच वर्षी अमेरिकेत, खांद्याची काहीही तक्रार नसलेल्या ९६ जणांची एम.आर.आय. तपासणी झाली. सुमारे एक तृतीयांश लोकांच्या कंडरा फाटलेल्या निघाल्या. साठीपुढच्यांत तर निम्म्याहून अधिक.

ही उलट बाजू आमच्या लोकांना विशेष सांगावी लागते. आमच्या एका सभासदाचे दुखणे दोन महिन्यांत थांबले. त्याला वाटले, बरे झालो. त्याने पाण्याने भरलेली बादली उचलली आणि शिवलेली कंडरा पुन्हा फाटली. कंडरा हाडाला नीट धरायला बारा आठवडे तरी जातात, मग दुखो वा न दुखो. ओझे कधी उचलायचे हे डॉक्टरांना विचारावे, वेदनेला नव्हे. व्यायामात ओढ बसली, थोडे दुखले आणि काही वेळाने शमले, तर घाबरू नये. ताप आला, जखमेतून पू आला, पडल्यावर हात एकाएकी उचलेनासा झाला किंवा बोटे बधिर झाली, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

येथे मालकवर्गाचे कोणी बसले असतील, त्यांच्यासाठी एक खुलासा. वेदना मेंदूत घडते, याचा अर्थ कामगार सोंग करतो असा नव्हे. त्या बांधकाम कामगाराची वेदना खरीच होती. एका कारखान्यात हेच शास्त्र उलटे फिरवून, आजारी कामगाराला "तुझ्या डोक्यात आहे" असे सुनावलेले मी ऐकले आहे.

आमच्यासाठी हा पोटाचा प्रश्न आहे. राज्य कामगार विमा योजनेत आजारपणाचा भत्ता वर्षातून ९१ दिवस मिळतो, तोही मजुरीच्या ७० टक्के. बारा आठवडे म्हणजे ८४ दिवस. माझ्यासारखा एक महिना भीतीत घालवला, तर पुढे घरात काय शिजणार?

म्हणून आता कोणाच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली, की मी त्याला घरच्या माणसांसह कचेरीत बोलावतो. कारण "दुखतंय ना, मग राहू द्या" असे मायेने म्हणणारे तेच असतात. मध्यंतरी एकाच्या पत्नीने विचारले, "दुखेल म्हणता, पण किती दिवस?" मी सांगितले, "पहिले पंधरा दिवस रात्री जास्त, उशांना टेकून झोपावे लागेल. झोळी निघाली, की व्यायामाच्या वेळी पुन्हा वाढेल. मग हळूहळू कमी. पण काही महिने अधूनमधून आठवण देईल." तिने ते सारे मुलाच्या वहीत लिहून घेतले.