'ययाति' : तीन बाजूंनी

इंजिनीअरिंग ड्रॉइंगच्या पहिल्याच शीटला उभा सिलिंडर होता. समोरून पाहा, आयत. वरून पाहा, वर्तुळ. वस्तू एकच! (ती शीट मी तीनदा फाडली, तो भाग वेगळा.) कादंबरीतही असंच होतं, हे मला वि. स. खांडेकरांच्या 'ययाति'मुळे (१९५९) कळलं.

यात ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने आपापली कहाणी 'मी' म्हणून सांगतात. ययाति बोलत होता तोवर देवयानी मला चक्क खडूस वाटली. नवऱ्याला समजून न घेणारी, राणीपदाचा तोरा मिरवणारी. मग ती स्वतः बोलू लागते. कचाने नाकारल्याची जखम घेऊन ही मुलगी राजवाड्यात आली आहे, हे कळल्यावर तोच तोरा वेगळा दिसायला लागतो. आवडली नाहीच ती मला, पण निकाल देताना अडखळले.

'मी' म्हणणाऱ्या पात्राची हीच गंमत आहे. त्याच्या सबबी आपल्याला कारणं वाटतात. ययातिला बोलायला सगळ्यात जास्त पानं मिळाली आहेत, म्हणून तर आपण त्याच्याकडे झुकत नाही ना? शिवाय शर्मिष्ठेचं गुपित आपल्याला ठाऊक असतं, देवयानीला नसतं. तिथे तिचा राग येण्याऐवजी कीवच येते.

कचाला मात्र खांडेकरांनी निवेदन दिलेलंच नाही. तो कायम इतरांच्या सांगण्यातून भेटतो, म्हणूनच बहुधा इतका निर्दोष वाटतो. त्यालाही वीस पानं दिली असती तर? आई म्हणते, तोही सबबीच सांगत बसला असता. मला पटत नाही. आमचं भांडण अजून चालू आहे.